गारगोटीचं पीठ

आमचा अण्णा कामावरून कायम पांढराच घरी यायचा. आधी ज्वारीच्या पिठानं, मग गारगोटीच्या. पांढऱ्यात पांढरं, फरक कुणाला कळणार, असं आता लोक म्हणतात. डोंबल! मला कळला होता, मी घसा फोडून सांगितला होता, अन् तरी त्यानं ऐकलं नाही. तो गेल्याचं दुःख आहेच, पण राग त्याहून मोठा आहे. खोटं कशाला बोलू?

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. दुबलगुंडीत त्याची पिठाची गिरणी होती. मी लग्न होऊन बिदरला आले, नौबादमध्ये घर केलं, मराठी शाळेत विज्ञान शिकवायला लागले. तो गावातच राहिला. गिरणीवाला म्हणून अण्णाला पंचक्रोशीत मान होता. दळण खाली पडत असताना तो हात पुढं करायचा, चिमूटभर पीठ अंगठ्यानं बोटावर चोळायचा, अन् शेवटी जिभेवर ठेवायचा. भाकरीला चालंल का, थापताना चिरंल का, ह्याचा निकाल तिथंच लागायचा. बायका डबा घेऊन उभ्या असायच्या, अन् हा गडी डोळे मिटून पीठ चाखायलाय! वैनी म्हणायची, "ह्यांचं जेवण गिरणीतच होतंय, घरी नुस्तं पाणी प्यायला येतेत."

मग घरोघर घरघंट्या आल्या, दुकानात पिठाच्या पिशव्या आल्या. बायका यायच्या बंद झाल्या. गिरणीचा पट्टा आठवड्यातून एखादवेळी फिरायचा. अण्णाला रिकामं बसणं म्हणजे शिक्षा. त्याच सुमारास हुमनाबादच्या बाजूला, हमरस्त्यापासून आत, गारगोटी दळायची गिरणी निघाली. त्यांना मशीन कळणारा माणूस पाहिजे होता. अण्णा गेला, मशीन बघितलं, अन् मला फोन करून म्हणाला, "बाई, माझंच काम हाय गं ते. गिरणी ती गिरणी. ज्वारी काय अन् गार काय."

ज्वारी काय अन् गार काय! 

गारगोटी मी दरवर्षी शिकवते. मुलांना वाटतं, ती आभाळातून पडते, कारण काळ्या रानात पांढरी गार उठून दिसते. मी सांगते, आपला सगळा मुलूख तापलेल्या दगडाच्या रसाचा. तो निवत असताना आत हवेचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या. मग त्या पोकळ्यांत गरम पाणी झिरपलं. पाण्यात विरघळलेली सिलिका होती, ती कडेकडेनं धरत गेली. जिथं जागा मिळाली तिथं सहा पैलूंच्या कांड्या उभ्या राहिल्या, वर टोक काढलेल्या. त्यालाच स्फटिक म्हणायचं. आमच्या विहिरीचा दगड फोडताना अशी एक पोकळी उघडली होती. आतून सगळी चमकत होती. गडी खाली उतरायला तयार होईनात, म्हणाले देवीचं घर फोडलं. मी तेव्हा लहान होते, मला ते इतकं देखणं वाटलं होतं की विचारू नका.

एखादं पोरगं हटकून विचारतं, बाई, पाण्यातून आली तर पाण्यात परत विरघळंल की. मी म्हणते, न्हाई बाळा. ते पाणी लई तापलेलं होतं, दगडाच्या ओझ्याखाली दाबलेलं होतं, अन् कामाला हजारो वर्षं होती. आता साध्या पाण्यात टाक, लिंबात टाक, शाळेच्या कपाटातल्या कुठल्याही ॲसिडात टाक, ती दाद देणार नाही. चाकूनं तिच्यावर ओरखडा उठत नाही, उलट तीच काचेवर ओरखडा काढते. ती दाबली तर तिच्यात वीज उठते. विजेवर धरली तर इतक्या नेमानं थरथरते की मनगटावरचं घड्याळ तिच्या भरवशावर चालतं. काच तिची, फरशीच्या टाइलला ती, रंगात ती, लोखंड वितळवायच्या भट्टीला आतून अस्तर तिचंच. गुणाची आहे. पण हे सगळे गुण तिनं माणसाच्या अंगाबाहेर दाखवावेत.

गिरणीत यायची ती गार आपल्याकडची नव्हती. खाली दक्षिणेकडच्या ग्रॅनाइटच्या मुलखातून ट्रक भरून यायची, दुधासारखी पांढरी, माणसाला उचलणार नाहीत अशी ढेकळं. ग्रॅनाइटच्या भेगांत तिच्या शिरा असतात, त्या फोडून काढतात. इथं आल्यावर एक मशीन ती ढेकळं चावून खडी करायचं, मग खडी फिरत्या पिंपात जायची, अन् दुसऱ्या तोंडानं पीठ पडायचं. अगदी मैद्यासारखं. ते पोत्यात भरायचं. पाणी मारून दळलं असतं तर धूळ उडाली नसती. पण ओलं पीठ वाळवत कोण बसणार? कोरडंच दळायचे.

एका सुटीच्या दिवशी मी गावी गेले होते, तशीच रिक्षा करून गिरणीवर पोचले. आत शिरले तर माणसं दिसंनात. नुस्त्या हालचाली दिसायच्या. अण्णा पिंपाच्या तोंडाशी उभा होता, नाकातोंडाला काही नाही, खांद्यावर पंचा टाकलेला. त्यानं हात पुढं केला, चिमूटभर पीठ घेतलं, अंगठ्यानं चोळलं, अन् जिभेवर ठेवलं.

"यप्पा! थुंक ते!" मी ओरडले.

तो हसला. "बारीक झालंय का बघायलोय. दातात कचकच लागली तर परत फिरवावं लागतंय."

"तोंड कामून बांधलं न्हाईस?"

"पिठाला कुणी तोंड बांधतंय व्हय? जलम गेला की पिठात."

हेच ते. दुसऱ्या गावचा, दुसऱ्या धंद्यातला माणूस असता तर त्या धुळीला घाबरला असता. निदान पंचा तरी गुंडाळला असता. आमचा अण्णा पिठातच वाढलेला. पांढरं झालेलं अंग म्हणजे दिवसभराचं काम झालं, एवढंच त्याला ठाऊक. दोन दिवसांनी अंघोळ केली तरी ज्वारीच्या पिठानं त्याचं काही बिघडलं नव्हतं, मग ह्यानं कामून बिघडावं? मी त्याला किती परीनं सांगितलं. ज्वारीचा कण शरीर पचवतं, खोकला आला की बाहेर टाकतं. हा कण इतका बारीक की फुफ्फुसाच्या पार तळात जाऊन बसतो. ताजा फुटलेला, कडा धारेच्या. शरीराची पेशी त्याला खायला येते अन् तीच मरते. मग दुसरी येते, तीही मरते. तिथं घट्टा पडत जातो. अन् तो कण कशातच विरघळत नाही. अण्णा मान डोलवायचा अन् दुसऱ्या दिवशी कामाला जायचा. पालथ्या घड्यावर पाणी!

त्या दिवशी सुटी व्हायच्या वेळी गिरणीचा मॅनेजर परात घेऊन आला. परातीत गुळाचे खडे. सगळ्यांनी रांगेनं एकेक खडा तोंडात टाकला. मी विचारलं, हे काय? म्हणाला, "म्याडम, गूळ खाल्ला की धूळ उतरून जाती. आम्ही कामगारांची काळजी घेतो."

माझं टाळकं सरकलं. म्हणलं, "कुठं उतरती? गूळ जातो पोटात, धूळ जाती फुफ्फुसात. दोन नळ्या येगळ्या हायत, आठवीच्या पोराला विचारा! गुळाऐवजी तोंडाला मास्क द्या, पाण्याचा फवारा लावा." तो शांतपणे म्हणाला, "ऐका म्याडम, सगळीकडं गूळच देतेत." अन् अण्णा? अण्णा गुळाचा खडा चघळत माझ्याकडं डोळे वटारून बघायलाय. मी त्याची चारचौघांत शोभा केली म्हणे. घरी येईस्तोवर तो रिक्षात तोंड फिरवून बसला. दारात वैनीनं त्याला उभं केलं, रोजच्यासारखा अंगरखा पाठीवर फटाफटा झाडला, अन् त्या ढगातच ती मला म्हणाली, "वन्सं, हातपाय धुवा, च्या टाकते."

खोकला आला तो कोरडा. मग जिना चढताना धाप लागायला लागली. मग सपाटीवर. अण्णा दणकट माणूस, क्विंटलचं पोतं पाठीवर घेणारा, अन् आता चप्पल घालायला वाकला तरी थांबून श्वास घ्यायचा. चिटगुप्प्याच्या बाजारात एक डॉक्टर होता, तो खोकल्याची बाटली द्यायचा. बाटल्यांची रांग लागली. शेवटी मी भांडून, अक्षरशः हाताला धरून, त्याला कलबुर्गीला छातीच्या डॉक्टरकडं नेलं. वैनी बरोबर होती.

डॉक्टरबाई तरुण होत्या. कन्नडमधून विचारायच्या, अण्णा मध्येच दखनीत शिरायचा, मध्येच मराठीत. काम काय करता म्हणल्यावर तो छाती काढून म्हणाला, "गिरणी चलाता हूँ." कशाची, ते मी सांगितलं. त्यांनी एक्स-रे उजेडात धरला. दोन्ही बाजूंनी, वरच्या अंगाला जास्त, कण्या सांडाव्यात तसे ठिपके होते. मग त्यांनी जे सांगितलं ते मी वैनीला मराठीत सांगितलं, अन् तिथून पुढं आमच्या घरात दुसरा विषयच उरला नाही.

हे दोनपैकी काहीतरी एक असेल, त्या म्हणाल्या. टीबी असेल तर औषध आहे, नेमानं घेतलं तर माणूस बरा होतो. दगडाची धूळ बसली असेल तर त्याला औषध नाही. ना इथं, ना मुंबईला, ना परदेशात. थुंकी तपासू, जंतू सापडले तर टीबी.

वैनीनं एवढंच विचारलं, "म्हंजे टीबी असली तर वाचतेत?"

"हौ," मी म्हणलं.

"मग टीबीच असंल," ती म्हणाली. अन् तिनं तिथंच, दवाखान्याच्या बाकड्यावर, मैलारच्या खंडोबाला भंडारा बोलला. देवा, ह्यांना टीबी असू दे.

आमच्या भागात टीबी म्हणलं की लोक पाण्याचा तांब्या बाजूला ठेवतात, सोयरीक मोडतात, अन् आमच्या घरात ती यावी म्हणून सकाळ-संध्याकाळ दिवा लागायला लागला. मी विज्ञान शिकवणारी बाई. पण खरं सांगते, मीही मनातल्या मनात तेच मागायले. माझ्या भावाला टीबी असू दे. एवढं एक दे, बाकी काही मागत नाही.

पहिली थुंकी गेली. काही निघालं नाही.

वैनी म्हणाली, ह्यांनी नीट दिली नसंल, नुस्ती लाळ दिली. दुसऱ्या वेळी तिनं त्याला पहाटे उठवलं, गरम पाणी पाजलं, पाठीवर थापट्या मारल्या. अण्णा डबी तोंडाशी धरून बसायचा, खोकून खोकून डोळे लाल व्हायचे, अन् बाहेर काही येत नव्हतं. "काढा की हो जरा जोर लावून," वैनी रडकुंडीला येऊन म्हणायची. तो म्हणायचा, "अगं, हाय कुठं आत? सगळं वाळलंय." दुसऱ्या थुंकीतही काही निघालं नाही. त्या दिवशी वैनी जेवली नाही. मी फोनवर पावसापाण्याचं बोलले.

मग त्याला संध्याकाळचा ताप यायला लागला. घाम फुटायचा, वजन उतरलं. लोकाला वाटावं आता संपलं, अन् वैनीच्या आवाजात जीव आला. "वन्सं, ताप यायलाय! टीबीत ताप येतोय ना?" मी म्हणलं, येतो.

तिसऱ्या तपासणीचा निकाल आला तेव्हा मी शाळेत शिक्षकांच्या खोलीत होते. फोनवर वैनी ओरडत होती. "निघाली! वन्सं, निघाली! टीबी निघाली ह्यांना!" मी खुर्चीवरून उठून मोठ्यानं म्हणलं, "टीबी निघाली!" अन् हसायला लागले, रडायला लागले. शेजारच्या बाईंनी आपली खुर्ची हळूच मागं सरकवली. त्यांचं काय चुकलं?

अण्णानं गावात पेढे वाटले. माणसं हातात पेढा घेऊन विचारायची, कशाचा? नातू झाला का? तो सांगायचा, "टीबी निघाली मला." पेढा तसाच हातात राहायचा. गिरणीच्या दारातही तो जाऊन आला, तिथल्या सगळ्यांना वाटून आला. म्हणाला, बघा, दगड न्हाई, टीबी हाय, गोळ्यांनी जातीय.

मी कलबुर्गीला एकटीच गेले. डॉक्टरबाईंनी निकाल बघितला, पुन्हा तो एक्स-रे काढला, अन् माझ्याकडं बघून म्हणाल्या, मी "दोनपैकी एक" म्हणले होते, पण दोन्ही आहेत. गारगोटीनं भरलेल्या छातीत टीबी चटकन शिरते. गोळ्यांनी ती निघून जाईल. ठिपके जाणार नाहीत. ते वाढतील, गिरणी सोडली तरी वाढतील.

बसमध्ये मी तोंडाला पदर लावून रडले. कंडक्टरनं विचारलं, "अक्का, काय झालं?" मी तिकिटाचे पैसे काढून दिले.

घरी जाऊन मी सांगितलं. लपवलं नाही. वैनी पोळ्या लाटत होती, तिनं लाटणं थांबवलं नाही. अण्णा ऐकून घेऊन म्हणाला, "बरं, आधी टीबी तर जाऊ दे. मग दगडाचं बघू." त्यानं गिरणी सोडली मात्र. सोडली कसली, सुटली. पिंपाशी उभं राहायचा दम राहिला नव्हता.

गोळ्या त्यानं अशा नेमानं घेतल्या की काही विचारू नका. लघवी लाल व्हायची, मळमळायचं, तरी एक चुकवली नाही. ताप गेला. अंगावर थोडं मांस आलं. भूक लागायला लागली, वैनीनं दूध-अंडी चालू केली. गावातली माणसं म्हणायला लागली, अण्णा सुधारायलाय. मीही म्हणायले. पण बोलताना तो अर्ध्या वाक्यावर थांबायचा, अन् राहिलेलं वाक्य श्वास घेऊन मग पुरं करायचा. रात्री आडवा होत नव्हता, भिंतीला टेकून झोपायचा.

औषधाचा कोर्स संपला, थुंकी तपासली, जंतू नाहीत. टीबी बरी झाली! आरोग्य खात्याच्या माणसांनी गावात कार्यक्रम ठेवला, टीबीवर मात केलेल्यांचा सत्कार. अण्णाचं नाव पहिलं पुकारलं. स्टेजला तीनच पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीवर पाय ठेवून तो थांबला, कठड्याला धरून तोंड उघडून श्वास ओढायला लागला. ओठ निळे पडले. माइकवरचा माणूस म्हणत होता, टाळ्या, जोरात टाळ्या. शेवटी स्टेजवरचा साहेब खाली आला अन् खालीच शाल घातली. फोटो काढला. फोटोत अण्णा हसतोय, अन् वैनीनं मागून त्याला दंडाला धरलंय.

त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही. घरात ऑक्सिजनची टाकी आणली, पुढं तिनंही भागेना. शेवटच्या दिवसांत तो बसल्या जागी दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून नुस्ता श्वास ओढायचा. बाकी सगळी कामं बंद, तेवढं एकच काम उरलं होतं. मी जवळ बसले होते. तो म्हणाला, "बाई... टीबी... गेली ना?" म्हणलं, गेली अण्णा. "मग... हे कामून... हुतंय?" मी त्याला हज्जारदा सांगितलेलं. मी त्याची पाठ चोळत बसले. दुपारी तो गेला.

माणसं भेटायला यायची अन् विचारायची, कशानं गेले? वैनी म्हणायची, "टीबी झाल्ती, पण ती बरी झाली." पुढं कुणी काही विचारायचं नाही. तिलाही पुढचं बोलायचं नव्हतं. मी एकदा तोंड उघडलं, म्हणलं, गारगोटीनं गेला, त्या गिरणीनं नेला. बसलेली माणसं खाली बघायला लागली. त्यातल्या तिघांची पोरं तिथंच कामाला होती.

दहाव्याला जेवणं उरकली अन् मी मागच्या दारी हात धुवायले होते. तिथं एक बाई उभी होती, डोक्यावरून पदर घेतलेली. ओळखीची नव्हती. म्हणाली, तिचा नवरा त्याच गिरणीत पोती भरायला आहे, अण्णानं दिलेला पेढा तिनं घरी खाल्लेला. इकडं-तिकडं बघून तिनं आवाज बारीक केला.

"ताई, तुमी शिकल्यात म्हणून विचारायले. आमच्या ह्यांना लई खोकला हाय, धाप लागतीय. थुंकी दोनदा तपासली, काईच निघंना. तुमच्या अण्णाची कशी निघाली ओ? काय केलतं तुमी?"

मला आधी तिच्यावर ओरडावंसं वाटलं. मग तिच्या हातांकडं लक्ष गेलं. बोटांच्या पेऱ्यांत पांढरं बसलेलं होतं. घरी नवऱ्याचे कपडे हीच झाडत असणार.

"आधी त्याला तिथून काढ," मी म्हणलं. "उद्याच काढ. एक दिवस पाठवू नको."

"काढते की," ती म्हणाली. "पर काढलं तर मग निघंल ना टीबी?"

ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मी नाही म्हणाले असते तर तो दुसऱ्या दिवशी परत पोती भरायला गेला असता.

"निघंल," मी म्हणलं.